मोठ्या देवळाची सावली

शुक्रवार, १२ मार्च १९९९

धाकटा भाऊ रघू ब्राउझिंग सेंटरमधून ई-मेलचा कागद घेऊन आला. "अक्का, पाहा, आपलं देऊळ अमेरिकेपर्यंत पोचलं!" त्यात लिहिलेलं, आपल्या मोठ्या देवळाच्या शिखराची सावली म्हणे जमिनीवर पडतच नाही. अरे, त्याच सावलीत बसून आपण चिंचेचा भात खायचो ना! मी इतकी चिडले की चित्रासाठीचा नवा लाकडी फळाच पुढे ओढला. मधोमध देवाच्या जागी कम्प्यूटर, त्याला सोन्याचा वर्ख, आणि खाली लांबलचक सावली.

मग कागदाच्या तळाशी पुरावा म्हणून छापलेलं चित्र पाहिलं. मीच काढलेलं. वीस वर्षं देऊळ रंगवतेय, सावली एकदाही काढली नाही. वर्खाशेजारी काळं गिऱ्हाइकांना आवडत नाही.

कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. आता मधोमध कम्प्यूटरच्या जागी कोणाला बसवू?