उजव्या बटणांचा कप्तान

कार्डिफ, ३ मार्च

ती. नेस्टाताईस,
इद्वलचा सा. न.

मालिकेबद्दल फोनवर ब्र काढणार नाही अशी सही घेतलीय. पत्राचं कुणाला सुचलं नाही! ताई, आपली ‘सातवा तळ’ ही अंतराळ-मालिका बंद पडून जमाना झाला, आणि आता त्याच घराण्यातल्या ‘तारापथ’ या नव्या मालिकेत मला पाहुणा म्हणून बोलावलंय. तुझा भाऊ पुन्हा कप्तान ऑर्न! निर्मात्या बाईंनी स्वतः केक वाढला. कोटही नवा शिवलाय, निळा, अगदी तू शिवायचीस तसा. संवाद मात्र माझे तेवढेच दिलेत. शेवटी मी गेथिन नावाच्या तरुण नटासमोर उभा राहतो, आणि तिथंच पानं संपतात.

गुडघा कसा आहे? समुद्रावर वाऱ्यात फिरू नकोस. लोभ आहेच, थोडं कौतुकही येऊ दे.

इद्वल

आबेरायरॉन, ७ मार्च

चि. इद्वल यास अ. आ.

कौतुक मग. आधी सांग, कोटाची बटणं कुठल्या बाजूला आहेत?

पहिल्या भागाच्या घाईत मी ती बायकी कोटासारखी डावीकडे लावली, आणि चाहत्यांनी त्याचं केवढं पुराण रचलं! कप्तान म्हणे आरशापलीकडच्या जगातून आला. लेखकांनीही मग तेच उचललं. डावी बटणं तो खरा ऑर्न, उजवी तो तोतया. आज हे शेंबडं पोरही जाणतं.

आणि केक? इतकी वर्षं त्या लोकांचे कपडे शिवले, मला कुणी पाणी विचारलं नाही. बोकडालाही आधी खाऊच घालतात. कुठंतरी पाणी मुरतंय, बाळा. गुडघा बरा आहे, विषय बदलू नकोस.

तुझी संशयी ताई, माया तेवढीच

कार्डिफ, १२ मार्च

ती. ताईस सा. न.

उजवीकडे आहेत.

खरं सांगतो, तुझा रागच आला होता. हिला माझं चांगलं झालेलं बघवत नाही, असंही मनात आलं. मग कपडेपटात डोकावलो. शेजारीच दुसरा कोट टांगलेला, डाव्या बटणांचा, गेथिनच्या मापाचा. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, “ऑर्न पुन्हा तरुण झालाय. तुम्ही तोतया. तो तुम्हाला मारतो, आणि लोक टाळ्या वाजवतात.”

आयुष्यभर शंभर भूमिका केल्या, पण माणूस एकच झालो, ताई. आता त्याच्याच नावानं लबाड ठरून मरायचंय. सही केलीय, मागं फिरता येत नाही. फार लागलंय मनाला.

तुझा इद्वल

आबेरायरॉन, १५ मार्च

चि. इद्वल यास अ. आ.

सोबतचं पुडकं कपडेपटात उघडू नकोस. जुना कोट आहे, मी टाकला नव्हता. पोटाशी सैल केलाय, कारण तुझ्या केकांवरही माझा संशय आहेच. नव्या कोटाच्या आत घाल. सही केलेल्या करारात आतल्या कपड्यांबद्दल काही लिहिलंय का, ते नीट वाच.

नेस्टा

कार्डिफ, २८ मार्च

ती. ताईस सा. न.

काही लिहिलं नव्हतं.

छातीवरची खोटी गोळी फुटली, आतल्या कोटालाही भोक पडलं, आणि मी पडलो. पडताना वरचा कोट दोन्ही हातांनी फाडल्यासारखा उघडला. आतली डावी बटणं बरोब्बर गेथिनच्या डोळ्यांसमोर. तो ‘सातवा तळ’ बघत वाढलेला. त्याला मला ओलांडून हसत निघून जायचं होतं. तो जागीच थिजला. मग गुडघ्यावर बसला, मला तळाची जुनी सलामी ठोकली आणि हुंदका देऊन म्हणाला, “मी हे काय केलं?”

हे संवादात नव्हतं. दिग्दर्शक जाम खूश. म्हणाला, काय रडला पोरगा, हेच ठेवू! बटणांकडे त्याचं लक्षच नाही. बाईंचं होतं. त्यांनी चित्रीकरण थांबवलं नाही, वहीत काहीतरी टिपून घेतलं. मला काही त्यांचा भरवसा वाटत नाही.

पण ताई, मेलो तो खरा म्हणून मेलो.

तुझाच, इद्वल

आबेरायरॉन, १ एप्रिल

चि. इद्वल यास अ. आ.

रडले. आता ऐक. खराच मेला म्हटल्यावर चाहते त्या बाईंना झोपू देणार नाहीत, आणि तुमच्या त्या घराण्यात मेलेला कधी मेलेला राहिलाय? बाईंनी वहीत टिपला तो हिशेबच असणार. पुन्हा केक वाढला, तर आधी सगळी पानं माग.

कोट परत पाठव. गोळीचं भोक मी रफू करते. बटणं तिथंच राहतील.

तुझी, नेस्टा