भातातली गोळी

नाशिक, १२ जानेवारी २००३

मालूताय, तुला आणि बाबांना भगीरथचा नमस्कार.

मी बरा आहे. द्राक्षबागेत काम मिळालं. इथली थंडी अशी, की अंघोळ... ते राहू दे.

तुझं पत्र वाचलं. भातात पांढरा चुरा दिसला आणि बाबांनी ताट भिरकावलं, "बघ, मी बोलत होतो ना, इष घालते!" आता स्वतःच कच्चापक्का भात शिजवून खातात. ताय, ते गोळी घेत नाहीत म्हणून कुस्करून भातात घालायची अक्कल माझीच.

गोळ्या देणाऱ्या कल्याणच्या डॉक्टरांना बूथवरून फोन केला. ते म्हणाले, "अरे, त्यांना संशयाचाच आजार, आणि तुम्ही तो खरा करून दाखवलात!" म्हातारपणी असं होतं म्हणे, भगताचं काम नाय, औषधानं उतार पडतो. कमी ऐकू येतं त्यानंही संशय वाढतो, म्हणून कान तपासायचेत. वाद घालू नको. गोळी उघड, सांगून हातावर दे.

शेळी व्याली का गो?

आणि बाबांना सांग, चुरा खराच होता, तुमची नजर चुकली नाय. विष नव्हतं, औषध होतं, आणि ते लपवायला भगीरथनं सांगितलं. माझ्यावर रागावू देत. तुझ्या हातचं जेवू देत.

रविवारी शिव्या खायला येणारा तुझा भाऊ,
भगीरथ