अण्णांचा पाण्याचा वार

३ मार्च
तीर्थरूप अण्णांचे बजाजनगरात माझ्याकडे शुभागमन. वय ब्याऐंशी, सामान एक पिशवी, मुद्रा तहात हरलेल्या सेनापतीची. औरंगपुऱ्याच्या खोलीत भरलेली बादली उचलताना पडले. हाड शाबूत, हा दैवी अनुग्रह. डॉक्टर म्हणाले, या वयात एकट्याने राहणे बंद. अस्मादिकांनी तत्काळ मान डोलावली. छप्पन्न वर्षांच्या अविवाहिताने एकट्याने राहावे काय, हा प्रश्न उपस्थित झाला नाही.

५ मार्च
वडिलांना फ्लॅटच्या वैभवाचे दर्शन घडवले. अहोरात्र पाणी, नळ सोडून सिद्ध केले. बराच वेळ धारेकडे पाहत राहिले.
"कधी बी येतं?"
"कधीही."
"मग बसायचं कशाला?"
नळ बंद केला. औरंगपुऱ्यात पाणी आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, तेही वेळ न सांगता. त्या दिवशी अण्णा पहाटेपासून नळापाशी खुर्ची टाकून बसत. पहिली धार पडली की गल्लीभर हाक. त्यांच्या हाकेवर सगळ्या घरांच्या पाण्याच्या मोटारी सुरू होत.

११ मार्च
रक्तदाब आदर्श. वजन वृद्धिंगत. डॉक्टर प्रसन्न. रुग्ण दुपारपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडलेला, दाढी वाढलेली, वर्तमानपत्राची घडीही मोडलेली नाही.
मी मात्र लज्जास्पदरीत्या सुधारलो आहे. ओट्यापाशी उभ्याने उदरभरण बंद. दोन ताटे, वरण, चक्क कोशिंबीर. गाढ निद्रा. एकाच औषधाने एक रोगी बरा होतो आणि दुसरा... असो.

१७ मार्च
कचेरीतून परतलो तो पातेली, डबे, फुलदाणी, माझा चहाचा कप, सर्व पात्रे काठोकाठ भरलेली. अण्णा घामाघूम. दाढी गुळगुळीत.
"आज आपला वार हाय."
"इथं वार नसतो, अण्णा. परत पडायचंय का?" आवाज चढला, नको तेवढा.
अण्णा एकेक भांडे उचलून मोरीत ओतत राहिले. कप शेवटी.

१९ मार्च
औरंगपुऱ्याच्या शेजारीण नूरचाचींचा फोन. "अण्णा कब आ रे? पानी आके चले गया, हमकू मालूमच नै पडा. कोई आवाजच नै देता."
"त्यांची प्रकृती बरी नाही, चाची."
अण्णा समोरच बसले होते. "कुनाची?" एवढेच म्हणाले.
असत्यभाषणाचे प्रयोजन मला ठाऊक आहे. लिहिणार नाही.

२३ मार्च
रविवार. सकाळी पिशवी दाराशी. अण्णा धुतलेल्या धोतरात, काठीसह सिद्ध.
"सुधाकर, उद्या वार हाय. सोडून ये."
"आणि पडलात तर?"
"पडीन की. हाक मारली तर गल्ली येती." मग ओट्याकडे, ताटांकडे पाहून, "तू पडलास तर इथं कोन येतं रे?"
अस्मादिकांची संस्कृतप्रचुर वाणी या ठिकाणी आटली.
दुपार झाली. वरण-भात झाला. दोघेही नीट जेवलो नाही. स्कूटरची किल्ली माझ्या खिशात आहे, अण्णा दारापाशी खुर्चीत. पिशवी उचलून पाहिली, आली त्यापेक्षा जड वाटली. वर त्यांची धोतरे, तळाशी माझे दोन सदरे, घडी घालून. चुकून की कसे, अद्याप विचारलेले नाही.