मनोऱ्याचं दार

नागपूर, मे १९७६

उकंडाभाऊ,

तब्येत बरी असन. आपण दोघांनी बांधलेला तलावावरचा दिव्याचा मनोरा अजून मजबूत आहे. संध्याकाळी मासेमारांच्या डोंग्या त्याच्याच उजेडानं काठाले लागतात.

फक्त ते दार. बासष्टच्या उन्हाळ्यात तलाव आटला असताना आपण बांधलं, अन् पावसाळ्यात पाणी आत शिरलं. दिवा लावाले कमरभर पाण्यातून जा लागे. "मिस्त्री असून पाण्याची खूण पाह्यली नाही?" असं सारे तुले बोलले. तू अवजारं उचलून भिलाईले निघून गेला.

खूण पाहाले तू मले पाठवलं होतं. मी उन्हात तलावाच्या पाळीवर, त्या बांधावर, गेलोच नाही. जांभळाखाली बसलो अन् येऊन अंदाजानं उंची सांगतली. पाणी शिरलं तवाच तुले हे समजलं होतं. काहून बोलला नाही गा?

आज मी वर नवं दार काढलं अन् जुनं बुजवून राहिलो. लोक म्हणाले, "उकंड्याची चूक डोम्यानं सुधारली." मी "हो" म्हणून मान हलवली.

चिठ्ठी टपालात टाकाची हिंमत नाही. शेवटच्या विटेमागं ठेवतो.

वीट आधी लावून पाह्यली. बरोबर बसली, भाऊ.

तुझा डोमा