कुकरची एस्प्रेसो

बाबा,

तुमची मशीन आज परत माळ्यावर चढवली. लगेच रागावू नका, आधी ऐका.

संप लांबला, गिरणीनं तुम्हाला परत घेतलंच नाही. आयुष्य बॉयलर खात्यात गेलेलं, मग तुम्ही घरातला मोठा कुकर उचललात, झाकणाला वाफ सोडायचा कॉक आणि नळी बसवलीत आणि लग्नांत एस्प्रेसो कॉफी करायला लागलात. अजून दिसतं, आई ओरडते आहे, "भात आता तुमच्या टकलार शिजवू?" आणि तुम्ही ढिम्म, स्टोव्हला पंप मारता आहात. एकदा मी घाईनं नळी दुधात बुडवून कॉक उघडला आणि सगळं दूध पाणचट केलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "पहिली वाफ पाणी घेऊन येते. ती फडक्यात सोडायची. तुझ्या तोंडाचंही तसंच आहे. पहिलं येईल ते फडक्यात सोडत जा." ते काही जमलं नाही. कॉलेजात सरांशी भांडलो आणि दुसऱ्या वर्षालाच बाहेर पडलो.

मग तुम्ही गेल्यापासून माळ्यावर पडलेली तुमची मशीन खाली काढली. तिच्या कॉकवरचा हात काढला की तो आपोआप फिरतो, म्हणून एकानं तो धरून ठेवायचा, दुसऱ्यानं नळीखाली जग धरायचा. तुमच्यासोबत आई असायची. माझ्यासोबत वरळी कोळीवाड्यातली एक मुलगी आहे. मला लग्नाची कामं देणाऱ्या केटररकडे कप लावायला आली होती. तिच्याबद्दल तुम्हाला काय सांगू? ती जग धरते तेव्हा मी मुद्दाम वाफ हळू सोडतो.

मध्यंतरी केटरर म्हणाला, "दादरच्या हॉलचा अख्खा सीझन तुझा. पण हा कुकर नको. माझी कंपनीची मशीन घे. एक माणूस पुरतो." मशीन चकचकीत आहे, बाबा. प्रेशरचा काटा आहे, वाफ जास्त झाली की आपोआप सुटते. पण 'एक माणूस पुरतो' ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. बापाच्या हातची मशीन सोडणार नाही, असं ठणकावून सांगितलं. केटररला ते पटलंही.

पुढच्याच लग्नात, गिरगावात, नळी सांध्यातून निसटली आणि वाफ तिच्या मनगटावर. बर्फात हात धरून ती हसते आहे, "एवढं काय रे तोंड पाडतोस? मासळी साफ करताना शिंगाळ्याचा काटा याहून बोचतो." मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी केटररकडे जाऊन कंपनीची मशीन घेतो म्हणालो, आणि तिला तसं सांगितलं.

"म्हणजे मला सुट्टी?"

"तसं नाही गं..."

"मग कसं? मशीन मी चालवते. पाव्हण्यानं दुसरा कप मागितला तरी तू डोळे वटारतोस. तू खाली मान घालून कपांवर कोको मार."

केटरर म्हणाला, तुमचं तुम्ही दोघं बघा. तेव्हापासून मी कोको मारतो आहे. ती मान तिरकी करून काटा बघते, आणि मनगटावरचा डाग आता फिका होत चाललाय.

मघाशी आईनं विचारलं, "झिला, बापाशीची मशीन कित्याक वर टाकलंस?" म्हटलं, नळीच्या सांध्याचा वॉशर मिळत नाही. शिवडीला भंगारवाल्याकडे टोपलीभर आहेत, मी बघून आलो होतो. आईला वाचता येतं. हे पत्र फाडावं लागेल.