उत्तर येईपर्यंत

ठमे,

तुझी लेक मला घाबरते, हे तू फोनवर हसत सांगितलंस. मला काही हसू आलं नाही. तिला मराठी येत नाही, म्हणून शिवणाचं दुकान लवकर बंद करून मी इंग्रजीच्या क्लासला बसले. तिथे आधी हुकूमच शिकवले: बस, खा, दार लाव. तेच मी फोनवर तिच्यावर सोडले. पोर पळेल नाहीतर काय?

आता प्रश्न शिकतेय. माझ्या जोडीला एक टॅक्सीवाला आहे. 'तुला काय आवडतं?' असं मी विचारते, आणि तो तोंड उघडायच्या आत उत्तरही मीच देऊन टाकते.

टीचर म्हणाली, "काकू, त्यांना बोलू द्या की."

"एवढ्या वेळात माझी एक पँट आखूड करून होते."

टॅक्सीवाला म्हणाला, "माझ्या बायकोची बहीण शोभता."

काल मात्र ओठ दाबून बसले. बिचाऱ्याने अडखळत सांगितलं, त्याला पोहायला आवडतं. मला वाटलं होतं, झोपायला.

रविवारी तुझ्या लेकीला हेच विचारणार आहे. हे पत्र तुला धाडत नाही. धाडलं तर तू तिला उत्तर पढवून फोनपाशी बसवशील, आणि मला तिचं स्वतःचं हवंय. ती गप्प राहिली तरी मी फोन धरून बसेन.

तुझी तोंडाळ
आई