नोरीनाचा हात

प्रिय गास्पारे,

अक्षरं नोरीनाची, बोलणं माझं. नात दहा वर्षांची झाली, पण माझ्या शिव्या गाळून लिहिते. गाळलेल्या जागा तू भर. तुला कुठल्या ते कळेल.

तुझं पत्र पोचलं. लढाई संपल्यावर बसलेल्या चौकशी समितीपुढे ठेवायच्या कागदावर सहीऐवजी माझी फुली हवी, की माझ्या धाकट्या भावाच्या, म्हणजे तुझ्या, चित्रांनी कुणाचंही वाकडं झालं नाही. वर लिहितोस, "ताई, स्फोट होणारं पेन मी जन्मात पाहिलं नाही. पक्षाच्या कचेरीतून सांगितलं, तसं काढलं." हे वाक्य मी तीनदा वाचून घेतलं.

आठवतं, पोस्टरसाठी नोरीनाचा हात काढायला आला होतास? तिला खिडकीशी बसवून "हलू नकोस गं माकडे" म्हणत होतास. महिन्याने चर्चच्या भिंतीवर तोच हात, बोटं उडालेला. वर विमानातून पेनं टाकणारा सुळेवाला इंग्रज. बाकीच्यांना खालचा मजकूर तरी वाचता येत होता. मला नुसतं चित्र. आणि चित्र तुझं, म्हणजे खोटं कसं असेल?

त्याच हिवाळ्यात युद्धकैद्यांच्या छावणीतून पळालेला एक इंग्रज आमच्या चेस्टनट वाळवायच्या खोपीत अकरा दिवस लपला. सुळे कसले, बिचाऱ्याची दाढ ठणकत होती. मी लवंग दिली. निघायच्या सकाळी, त्याची फौज आली की दाखवायला, मी त्याला लपवलं अशी चिठ्ठी मला द्यावी, म्हणून त्याने खिशातून पेन काढलं. नोरीना त्याच्या शेजारी. मी किंचाळले. तो ओठांवर बोट ठेवत राहिला, मी किंचाळत राहिले. खालच्या रस्त्याने पक्षाचे काळे सदरेवाले चालले होते. त्याला गिरणीमागे नेलं. आवाज इथवर आला.

पेन चेस्टनटांत पडलं होतं. चिमट्याने उचलून, डब्यात घालून परसात पुरलं. दोन वर्षं तिथे कोंबडीसुद्धा फिरकू दिली नाही. हस हवं तर. सगळ्या गावात तुझ्या चित्राची एवढी बडदास्त कुणी ठेवली नसेल.

तुझं पत्र ऐकून झालं आणि मी कुदळ घेतली. नोरीनाने पेन धुतलं, शाई भरली. हे पत्र तिने त्यानेच लिहिलंय. दहाही बोटं जागच्या जागी आहेत. तुझा कागद फुलीविनाच परत पाठवते. माझी फुली या पत्राखाली आहे. समितीला हवी असेल, तर ही दाखव.

तुझीच, तुझ्यावर विश्वास ठेवलेली,
अस्सुंता
×